लाइट गेली तर वर्ष माफ

१४ जून, शनिवार. कांडप बंद करायचा दिवस. मिरचीचा हंगाम संपला म्हणून मशिन तसंच सोडून चालत नाही. मुसळांच्या बुडाला तिखट बसतं, पावसाळी हवेत त्याला बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या मिरचीला कुबट वास येतो. म्हणून दरवर्षी जूनच्या मध्याला मी पट्टा उतरवते, मुसळं गरम पाण्यानं घासते, उखळ कोरडी करते, ग्रीस भरते आणि सगळं ताडपत्रीत बांधून टाकते. तोंडाला दुहेरी फडकं बांधलं तरी शिंका येतातच. एकोणीस वर्षं हे करते आहे, त्यामुळं शिंकत शिंकत काम कसं करायचं ते मला जमतं.

त्या दिवशी मात्र हात जरा भराभर चालवत होते. माझ्या गावाचं अडतिसावं वर्ष संपलं होतं. चाळीस पुरी व्हायला आठ चाली उरल्या होत्या आणि त्या मला दुपारी निवांत बसून खेळायच्या होत्या.

गाव म्हणजे लॅपटॉपवरचं. माझं खरं गाव उत्रोली, भोरच्या अगदी लागून. विहाराच्या मागच्या आळीत आमचं घर आहे आणि घराला लागून कांडपाची खोली. मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीत तिला कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, तेव्हा जुना ती माझ्याकडं टाकून गेली. म्हणाली, व्हिडिओ कॉलला होईल. त्याची बॅटरी मेलेली होती. वायर लावली तरच चालायचा. त्यात एक खेळ आधीपासून होता. नदीकाठी गाव वसवायचं, लोकांना पोसायचं, तटबंदी बांधायची आणि उत्तरेच्या डोंगरातून येणाऱ्या दरोडेखोरांपासून चाळीस वर्षं ते टिकवायचं. एक चाल म्हणजे एक ऋतू, चार चालींचं एक वर्ष. चाळिसाव्या वर्षाच्या शेवटी गाव उभं असलं की जिंकलात. तीस माणसांनिशी सुरुवात केलेलं माझं गाव त्या शनिवारी साडेचारशेवर गेलं होतं.

मी असले खेळ खेळते याचं आळीत हसू झालं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. हसणाऱ्या बायका दुपारभर मालिका बघतात आणि मालिकेतल्या सासूचं काय करायचं हे त्यांना कुणी विचारत नाही. मला माझ्या गावात कुणाला कुठं कामाला लावायचं हे विचारलं जायचं.

एकटीनं डाव मांडायची सवय जुनीच. माझं माहेर वेल्ह्याकडच्या पासलीचं. लहानपणी गुरांमागं गेले की कातळावर दगडानं रेघा ओढून वाघ-बकरी खेळायचे. सोबत कुणी नसायचं, म्हणून वाघही मी आणि बकऱ्याही मीच. वाघानं तीन बकऱ्या खाल्ल्या की पुढं डावात राम उरत नाही, हे चार दिवसांत कळलं. मग मी ठरवलं की तिसरी बकरी गेली की उरलेल्यांना एक चाल जास्त मिळेल. वाघाची हरकत नव्हती. तो मीच होते.

लॅपटॉपवरच्या खेळात नियम वाकवायला मला आधी विजेनं शिकवलं. तो खेळ फक्त वर्षाच्या सुरुवातीला आपलं आपण सगळं लिहून ठेवायचा. मध्येच लाइट गेली की त्या वर्षातल्या चाली पुसल्या जायच्या आणि पुन्हा वर्षाच्या आरंभापासून खेळावं लागायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा वैताग आला. मग ध्यानात आलं की आता या वर्षात काय होणार ते मला ठाऊक आहे. पावसाळा कोरडा जाणार, थंडीत दरोडेखोर येणार. मी आधीच धान्य राखलं, तट उंच केला आणि ते वर्ष सुखानं पार पाडलं. नवव्या वर्षी दरोडेखोरांनी कोठार जाळलं आणि माझा पाय वायरला लागला. खरोखर चुकून लागला. दहाव्या वर्षी पुन्हा कोठार जळलं आणि पाय पुन्हा लागला. तेव्हा मात्र मी स्वतःशीच म्हटलं, बाई, हा पाय फार शहाणा व्हायला लागलाय.

तेव्हा मी वहीत नियम लिहिले. कांडपाच्या वहीचं मागचं पान. पहिला नियम: लाइट गेली तर ते वर्ष माफ, पायानं वायर सुटली तर नाही. पुढं मला कळलं की हवं तेव्हा स्वतःही सेव्ह करता येतं आणि वाटेल तितकं मागं जाता येतं. एवढी मोकळीक मिळाल्यावर दोन आठवडे मी नुसती मागंच जात होते. एकही माणूस मरेना, एकही भिंत पडेना आणि मला जांभया यायला लागल्या. म्हणून दुसरा नियम लिहिला. दहा वर्षांत मागं जायच्या तीनच खेपा, त्याही माणसं गेली तरच. भिंत पडली, कोठार जळलं, तर ते सोसायचं. भिंत पुन्हा बांधता येते. पेरणीला माणसं लागतात.

तिसरा नियम दुष्काळाचा होता. खेळ सोपा, मध्यम, अवघड असा चालू डावात बदलता यायचा. मी मध्यमवर खेळायचे. सलग दोन वर्षं पाऊस नसला तर एक ऋतू सोपा करून घ्यायचा आणि नंतर त्याच्या बदल्यात दोन ऋतू अवघड खेळायचे. याला मी वहीत ‘सूट’ म्हणायचे. अडतीस वर्षांत पाच वेळा सूट घेतली आणि दहा ऋतू अवघड खेळले. त्यांतला एकही चुकवला नाही. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, कारण चुकवला असता तर कुणाला कळणारही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी त्या पानाच्या डोक्यावर लिहिली होती: नियम वाकवायचा तर चालीच्या आधी. ती मात्र मी खेळात शिकले नाही, कांडपावर शिकले. हंगामात माझ्या दारात पहाटेपासून डब्यांची रांग लागते. बायका मिरचीचा डबा ठेवून घरी कामाला जातात. डबा उभा आहे म्हणजे नंबर उभा आहे. वरच्या खोऱ्यातून येणाऱ्या बायकांची मात्र अडचण असते. त्यांची परतीची एसटी गेली की त्या अडकतात. म्हणून मी सकाळी दार उघडतानाच पाटीवर खडूनं लिहिते, खोऱ्यातल्यांचे डबे बारापर्यंत आधी. कुणी कुरकुरत नाही. पण एका वर्षी भोंगवलीहून माझी मावसबहीण दुपारी आली, तिच्याकडं दुसऱ्या दिवशी कार्य होतं, आणि मी लागलेल्या रांगेत तिचा डबा सहाजणींच्या पुढं घेतला. त्यातल्या एकीनं आपला डबा उचलला. ती बाई पुन्हा माझ्या कांडपावर आली नाही. रस्त्यात भेटते, बोलते, पण मिरची भोरला नेते. चूक तिची नव्हती. सकाळी पाटीवर लिहिलं असतं तर तीच म्हणाली असती, घ्या तिचं आधी.

तर त्या शनिवारी अकराच्या सुमाराला मुलगी आली. स्वारगेटहून थेट एसटी मिळाली म्हणाली. ती सव्वीस वर्षांची आहे. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचा तिला पगार मिळतो आणि ते काम तिच्या स्वभावाला धरून आहे. आल्या आल्या ओढणी तोंडाला गुंडाळून तिनं पट्टा धरला, ग्रीस भरलं आणि ताडपत्रीची दोरी मी बांधली होती ती सोडून पुन्हा बांधली. जेवल्यावर तिला कुठलंसं जुनं सर्टिफिकेट हवं होतं म्हणून तिनं लॅपटॉप उघडला. शेजारी वही होतीच. मी भांडी घासून येईपर्यंत तिनं मागचं पान वाचून काढलं होतं.

“आई, हे काय आहे?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वायरीसकट. ती इतकी हसली की तिला पुन्हा शिंक आली.

“म्हणजे तू एकटीच खेळतेस, एकटीच चीटिंग करतेस आणि वर त्याची वही ठेवतेस?”

“चीटिंग कुणाला फसवलं तर. मी कुणाला फसवलं?”

“गेमला.”

“त्याला काय कळतंय? त्याला जीव न्हाई.”

“मग स्वतःला.”

“मला तर सगळं म्हाईत असतंय. वहीत लिवलंय की.”

 गप्प बसणं तिच्या पगारात बसत नाही. तिनं माउस हातात घेतला आणि खेळाच्या सेटिंगमध्ये खोल कुठंतरी जाऊन मला एक खूण दाखवली. ती मी कधी पाहिली नव्हती. कडक नियम. ती खूण केली की मागं जाणं बंद, सोपं-अवघड बदलणं बंद. प्रत्येक चालीनंतर खेळ स्वतः लिहून ठेवतो आणि आधीचं पुसून टाकतो. गाव पडलं तर गावच पुसलं जातं. आणि ही खूण एकदा केली की त्या डावात काढता येत नाही.

“आठ चाली राहिल्यात ना तुझ्या? या नियमानं खेळून दाखव. जिंकलीस तर मी मान्य करीन की गाव तू उभं केलंस. नाहीतर ते लाइटनं उभं केलं.”

मला राग आला. ती हसत बोलत होती, पण बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त आला. अडतीस वर्षांत काय काय केलं होतं मी. नदीला दोन पूल घातले. डोंगराच्या बाजूला तिहेरी तट. माणसं साडेचारशे. आठ महिने रोज सकाळी स्वयंपाकाआधी तासभर बसले होते. आणि आता त्याच्या खाली एकच सवाल राहिला होता, की हे माझं काम की विजेचं.

यात खरा धोका दरोडेखोरांचा नव्हता, हे मला तिच्या आधी कळलं. मी विचारलं, खेळ लिहून ठेवत असताना लाइट गेली तर? ती म्हणाली, मग आधीचं पुसलेलं आणि नवं अर्धवट. फाइल उघडणारच नाही. मी दारात जाऊन बाहेर पाहिलं. वारा होता, पण तारा हलत नव्हत्या. शनिवार होता, लाइन दुरुस्तीचा दिवस नव्हता. सकाळपासून लाइट एकदाही गेली नव्हती. मी पाण्याची मोटर बंद केली, फ्रिजचा प्लग काढला आणि येऊन बसले.

“जरा दहा मिनिटं दे, मला ती खूण नीट लावू दे,” ती म्हणाली. मी तेवढ्यात चहा केला.

पहिल्या तीन चाली सरळ गेल्या. उन्हाळ्यात तट डागडुजीला घेतला, पावसाळा बरा झाला, सुगीला कोठारं भरली. मुलगी शेजारी बसून प्रत्येक आकडा वाचत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती की मी बरीच माणसं मासेमारीला लावलीत. मी तिला म्हटलं, तुझ्या हापिसात तुझ्या मागं असं कुणी बसतं का?

चौथी चाल थंडीची. एकोणचाळिसावं वर्ष. दरोडेखोर आले, आणि ते नेहमीच्या वेळेच्या आधी आले. माझी चौसष्ट माणसं नदीपलीकडं लाकूड तोडायला गेली होती. वेस लावली तर गाव वाचतं आणि चौसष्ट माणसं बाहेर राहतात. वेस उघडी ठेवली तर माणसं पूल ओलांडून आत येतात, पण त्यांच्या मागोमाग दरोडेखोरही येतात.

“दार लाव,” मुलगी म्हणाली. “चौसष्ट विरुद्ध चारशे. सरळ हिशेब आहे.”

“थांब जरा.”

“आई, आता मागं जाता येणार नाही.”

“मला म्हाईत हाय.”

तटाच्या बाहेर, नदीच्या उताराजवळ माझं एक कोठार होतं. मघाशी तेच पाहून ती म्हणाली होती की बाहेर कोठार बांधणं हा वेडेपणा आहे. तिथं निम्मं धान्य होतं आणि वीस पहारेकरी. मी ते वीसच्या वीस आत बोलावले. कोठार उघडं टाकलं. वेस उघडी ठेवली. आणि चाल दाबली.

दरोडेखोर वेशीकडं निघाले, वाटेत वळले आणि कोठारावर पडले. सगळा ऋतू ते तिथंच पोती वाहत राहिले. माझी चौसष्ट माणसं पुलावरून आत आली आणि वेस लागली. धान्य निम्मं गेलं. माणूस एकही गेलं नाही.

मुलगी पडद्याकडं बघत होती. “हे तुला कसं माहीत होतं? हे कुठंच लिहिलेलं नाहीये. मी सूचना वाचल्यात सगळ्या.”

मी तिला वहीचं पान उलटून दाखवलं. बारावं वर्ष, एकोणिसावं, सव्विसावं. तिन्ही वेळा माणसं गेली होती आणि मी मागं आले होते. मागं आले की तीच चाल तशीच पुन्हा खेळायची नाही, काहीतरी वेगळं करून बघायचं, ही माझी रीत. बाराव्या वर्षी वेस लावून पाहिली. एकोणिसाव्या वर्षी लढून पाहिलं. सव्विसाव्या वर्षी एक कोठार चुकून तटाबाहेर राहिलं होतं, तेव्हा कळलं की सहज हाताला लागणारं धान्य दिसलं की ते तटाकडं फिरकत नाहीत. म्हणून पुढं मी एक कोठार मुद्दाम बाहेर ठेवायला लागले. तिच्या भाषेत हे चीटिंग. माझ्या भाषेत ती तीन वर्षांची शाळा होती आणि तिचा निकाल तिच्यासमोर पडद्यावर लागला होता.

ती म्हणाली, “बरं.” तिच्या तोंडून बरं काढणं किती अवघड आहे हे तिच्या बापाला विचारा.

तो तेवढ्यात आलाच. टेम्पो लावून दारात चपला काढता काढता त्यानं रोजच्यासारखं विचारलं, “काय राणीसरकार, संस्थान खालसा झालं का न्हाई अजून?” भोरसारख्या जुन्या संस्थानात राहिलेल्या माणसाला हा विनोद सुचतोच आणि एकदा सुचला की सुटत नाही. मुलीनं त्याला गप्प बसवलं आणि शेजारी बसवून घेतलं. तो पहिल्यांदाच माझा खेळ बघत होता.

पुढच्या तीन चाली उपाशी होत्या. सूट घेता येत नव्हती. मी तटाची सगळी कामं थांबवली, गवंडी, सुतार सगळे नदीवर मासेमारीला लावले. आता बरीच माणसं मासेमारीला लावली म्हणून कुणी बोललं नाही. उन्हाळ्यात कोठार तळाला आलं. पावसाळ्यात आकडा शून्याच्या वर फक्त अकरा राहिला. नवरा म्हणाला, “अकरा पोत्यात साडेचारशे माणूस? रेशन दुकानदाराला बोलव, तो करील.” सुगीची चाल, म्हणजे सातवी, दाबायच्या आधी मी पिकाचा अंदाज पाहिला. पीक उभं होतं, भरपूर होतं. सुगी घरात आली की पुढची थंडी काहीच नव्हती. दरोडेखोर आदल्याच वर्षी पोट भरून गेले होते. धान्य हाती लागलं की पुढच्या वर्षी ते येत नाहीत, हेही वहीत होतं. म्हणजे जिंकलेच होते.

मी चाल दाबली. धान्याचा आकडा वर जायला लागला. अकरा, नव्वद, दोनशे. कोपऱ्यात लिहून ठेवायची खूण फिरायला लागली. आणि पडदा काळा झाला.

पंखा थांबला. बाहेर आळीत दोन-तीन घरांतून एकदम “गेली, गेली” ऐकू आलं. वारा वाढला होता, ते आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

वीस मिनिटांनी लाइट आली. मुलीनं लॅपटॉप चालू केला, खेळ उघडला. यादीत माझं गाव दिसत होतं, पण त्यावर दाबलं की खेळ म्हणायचा, फाइल वाचता येत नाही. तिनं चार वेळा दाबून पाहिलं. मी एकदाच पाहिलं.

 नवऱ्याला तोंडावर आलेला विनोद गिळताना मी पाहिलं. तो उठून फ्रिजचा प्लग लावायला गेला.

मला वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. आठ महिने, अडतीस वर्षं आणि वर सात चाली. पण त्याच वेळी माझ्या मनात पुलावरून आत येणारी ती चौसष्ट माणसं होती आणि मला वाटत होतं की हे मी केलं. कुणी मागं फिरवलेलं नव्हतं, कुणी माफ केलेलं नव्हतं.

मग मुलगी खाली मान घालून म्हणाली, “आई, कॉपी आहे.”

“कसली?”

“गावाची. सुरू करायच्या आधी मी काढून ठेवली होती. सवय आहे मला. काहीही करायच्या आधी कॉपी काढते.” तिच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. ती दहा मिनिटं कशात गेली ते आता कळलं. “अडतिसावं वर्ष संपलेलं, जसंच्या तसं. दोन मिनिटांत लावते. तुझाच पहिला नियम आहे ना, लाइट गेली तर वर्ष माफ.”

 माझ्या वहीला हसणारी पोरगी माझ्याच वहीतला नियम मला वाचून दाखवत होती.

“म्हंजे मी हरणार हे धरूनच बसली व्हतीस.”

“नाही गं. लाइट जाईल हे धरून.”

“मग मला सांगायचं व्हतंस आधी. कॉपी हाय, लाइट गेली तर पुन्हा लावू, असं. मी हो म्हणले असते. आता न्हाई.”

“पण दरोडेखोरांनी पाडलं नाही ना! वायरमननं पाडलं. यात तुझी काय चूक?”

“चूक कुणाची न्हाई. तू नियम लावलास, मी हो म्हणले. लाइटचा धोका मीच तुला दावला. दार उघडून तारा बघून आले मी. आता गेल्यावर म्हणायचं, हे धरायचं न्हाई?”

ती म्हणाली की कुणाला कळणार आहे. मग स्वतःच थांबली, कारण हे वाक्य मी दुपारी म्हटलं असतं तर तिनं मला घरातून बाहेर काढलं असतं. तिघांत एकटा नवरा हसला.

“डिलीट कर,” मी म्हटलं.

“आई, आठ महिने आहेत तुझे.”

“माझे हायेत म्हणूनच सांगतेय. कर.”

तिनं पेनड्राइव्ह लावला, मला ती फाइल दाखवली, आणि बराच वेळ बोट तसंच धरून ठेवलं. तिला वाटलं मी नाही म्हणेन. मी म्हटलं नाही. मग तिनं पुसली. पुसून झाल्यावर कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. ते मला कळलं नसतं, तिनंच आपण होऊन सांगितलं आणि दाखवलं. त्यानंतर ती म्हणाली, गाव तू उभं केलंस, हे मी मान्य करते. मी म्हटलं, ते जिंकले तर ठरलं होतं. ती म्हणाली, सात चालींत जे पाहिलं ते पाहिलं, आठवीची मला गरज नाही. हा नियम तिनं खेळ संपल्यावर वाकवला, पण तो तिचा होता आणि माझ्या बाजूचा होता, म्हणून मी हरकत घेतली नाही.

जेवताना नवऱ्यानं विचारलं की ती चौसष्ट माणसं लाकूडच तोडत होती ना, मग त्या लाकडाचं काय झालं. खेळ बघायला तीन चाली बसलेल्या माणसाचा हा प्रश्न मला आवडला. लाकूड पलीकडंच राहिलं, मी सांगितलं. माणसं आणली. मुलगी बापाला चौथी चाल समजावून सांगत होती: कोठार कसं उघडं टाकलं, पहारेकरी का काढले. सांगताना ती “आईनं” म्हणत होती, आणि ज्या सुरात ती तिच्या हापिसातल्या सगळ्यांत हुशार बाईबद्दल बोलते त्याच सुरात म्हणत होती. मी भात वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेपाचला उठले. लाइट होती. नवं गाव वसवायला घेतलं, या वेळी नदीच्या पलीकडच्या काठाला, कारण लाकूड तिकडं आहे. कडक नियमाची खूण दिसली. ती केली नाही. माझ्या नियमांत खेळायचं ठरवलं आणि पहिल्या चालीच्या आधी ठरवलं. तीस माणसं. पहिल्याच थंडीत दरोडेखोर आले आणि त्यांतली आठ गेली. तीनपैकी एक खेप वापरली, वर्षाच्या आरंभाला गेले, आठहीजणांना सुगीतच आत आणलं आणि थंडी पार केली. मग लॅपटॉप बंद करून मुलीला चहाला उठवलं.